पक्कडीने पिळलेली तार

आमच्या चौकात गाडीचा एसी बिघडला की त्यावर एकच औषध मिळतं, गॅस. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, आत कोणी ओळखीचं दिसतंय का असं बघतो आणि सांगतो, गॅस संपलाय. संपला म्हणजे गेला कुठे, हे विचारणं तिथे असभ्य समजतात. मी विचारलं. त्यावर त्याने मला समजावलं की गॅसच तो, आज ना उद्या जायचाच.

थंडीभर एसीची आठवण कोणालाच नव्हती. ऊन तापल्यावर बटण दाबलं, तर तव्यावरून आल्यासारखा वारा लागला. एरवी मी काचा खाली करून गप्प बसले असते. मी खोपोलीच्या एका शाळेत शिकवते आणि घाम गाळणं हा त्या नोकरीचाच भाग आहे. पण बाबांना दमा. धूळ आणि डिझेलचा धूर नाकात गेला की त्यांची छाती वाजायला लागते आणि दर महिन्याला तर त्यांना पनवेलला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. काचा बंद ठेवाव्यात तर भट्टी, उघडाव्यात तर जुन्या हायवेवरचे डंपर. एकदा काचा उघड्या ठेवून गेलो, तर दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्यांना शब्द फुटेना. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता मी गाडीत बसायचा नाय. मी घाबरले. तपासणी टाळून हा माणूस ओटीवर बसून राहणार आणि मी शाळेत फळ्यासमोर उभी राहून फोनची वाट बघणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग गॅस भरला. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डच्या जाळीसमोर स्वतःचा हात धरला आणि बर्फ हाय बर्फ, असा निकाल दिला. पंधरवडा गेला नाही तोच बर्फ वितळला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. दरम्यान सल्ल्यांना काही तोटा नव्हता. चुलतभाऊ म्हणाला, फिल्टर धू. तो स्वतः गाडीसुद्धा धूत नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याने गाडीच विकून टाकायला सांगितलं आणि योगायोगाने ती विकत घ्यायची तयारीही दाखवली.

शेवटी बाबांनीच हे प्रकरण हातात घेतलं. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पाइपलाइन सांभाळली. तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू गळते आणि गळती फक्त त्यांनाच सापडते, असा त्यांचा समज आहे. कुकरच्या झाकणाला साबणाचा फेस लावून त्यांनी एकदा आमची आमटीसुद्धा तपासली होती. आता ते नाकाला पंचा बांधून माझ्याबरोबर गॅरेजात आले, खुर्ची मागून घेतली आणि बसल्या बसल्या हुकूम सोडला.

"परत परत भरतोस काय? आधी दाब दे, मग फेस लाव."

गॅरेजवाल्याने बाजूच्या फ्रिजवाल्याकडून नायट्रोजनची टाकी आणली. पाइपांत दाब भरला. घड्याळासारख्या मीटरचा काटा हळूहळू खाली सरकू लागला, म्हणजे गळती होती. मग ब्रशने फेस लावायला सुरुवात झाली. बाबा खुर्चीतून जागा दाखवत होते आणि ती कोरडी निघाली की गॅरेजवाल्याने फेस नीट लावला नाही, असं ठरत होतं. नळ्या झाल्या, जोड झाले, कॉम्प्रेसर झाला. कुठेच काही नाही. मग त्याने पुढचा बंपर काढला. मागे गॅस थंड करणारी कंडेन्सरची पातळ जाळी होती. तिच्या एका कोपऱ्यात धूळ तेलकट होऊन बसली होती. तिथे फेस लावताच बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. बुडबुड्याच्या मधोमध एक गंजकी तार रुतली होती. तिच्या पिळात झेंडूचा वाळका देठ आणि भाताची लोंबी अडकली होती.

गॅरेजवाला हसायलाच लागला. हार सुतळीने बांधायचा सोडून पक्कडीने आवळणारा हा गडी कोण, असं तो विचारत होता.

गडी खुर्चीत बसला होता. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, तेव्हा मी दोरा पुढे केला होता. दोऱ्याचा भरवसा नाय म्हणून बाबांनी तो परत केला आणि कारखान्याच्या पद्धतीने दुहेरी तार घेऊन गाडीच्या तोंडाशी पक्कडीने पिळली. फुलं दिवाळीपर्यंत गळून गेली. तार मागे राहिली आणि गाडीच्या थरथरीने नरम जाळीत घासत घासत आत शिरली. माझं वाक्य तयार होतं. अशा संधीची मी कित्येक वर्षं वाट बघत होते.

बाबांनी नाकावरचा पंचा खाली केला.

"माजीच हाय ती तार," ते गॅरेजवाल्याला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू रोज एकटी जातेस गं त्या रस्त्यानं. वाटेत हार पडला असता तर माज्या जिवाला बरं वाटलं नसतं."

माझं तयार वाक्य मी गिळलं. मला रडू आलं आणि ते सुटलेल्या बंपरसमोर उभं राहून आवरावं लागलं. रडायला काही ती जागा बरी नव्हे.

नवी जाळी बसली, जोडांत नव्या रिंगा पडल्या, आतली हवा खेचून मग गॅस भरला. तो आजवर टिकून आहे. बाबा आता बंद काचांआड मफलर गुंडाळून पनवेलला येतात आणि फार गारठा हाय म्हणून जाता-येता कुरकुर करतात. त्या कुरकुरीत दम लागत नाही.

यंदाच्या दसऱ्याला हार मी बांधला, दोऱ्याने. बाबा पक्कड खिशात ठेवून शेजारी उभे होते. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी खोपोलीहून परतले तेव्हा हार वाटेतच कुठेतरी पडला होता. बाबा ओटीवर उभे होते, पक्कड अजून खिशातच. त्यांनी आधी गाडीच्या तोंडाकडे बघितलं.

"पडला ना," ते म्हणाले.

"पडला," मी म्हटलं. "पण मी आले."

त्यांनी मला नीट बघून घेतलं आणि पक्कड आत नेऊन ठेवली.