मसूर, चणे आणि पाचवा बदाम

पोकरमध्ये कुठलं पान किती वेळा येतं, ह्याचा माझ्याइतका पक्का हिशेब अख्ख्या दाल बाजारात कोणाकडे नाही. असणार कसा? अख्ख्या दाल बाजारात पोकर खेळणारा मी एकटाच, आणि मीही हरतो.

दुपारी तीनला दुकानात उन्हाचा एक तिरका पट्टा येतो. त्यात डाळीची धूळ तरंगत असते, पिवळी, पिठासारखी, जागच्या जागी फिरणारी. गिऱ्हाईक नसतं. शेठ पोत्यांना टेकून घोरतात. मी इथला मापाडी. सातवीत शाळेनं मला सोडलं, तेव्हापासून तराजूनं धरून ठेवलंय. त्या उन्हात बसून पत्ते पिसले की पंखासारखा फर्र आवाज येतो आणि धूळ हलते. एवढ्याशा वाऱ्यानं तिची जागा बदलते! माणसाची का बदलत नाही? असले विचार मला शिंक येईपर्यंत येतात. शिंक आली की जातात.

हा खेळ मला शिकवला सुभेदारकाकांनी. किला गेटला आमच्या शेजारी राहतात, फौजेतून रिटायर झालेले. पाच पानं वाटायची. नको ती टाकायची, तेवढीच नवी घ्यायची, पण एकदाच. मग ज्याचा हात मोठा, तो जिंकला. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. माझे चिंचोके काकांच्या डब्यात राहतात, मी अधूनमधून त्यांना भेटायला जातो म्हणा ना.

काका म्हणतात, "दिनू, टाकायचं काय हे ज्याला कळलं तो खेळाडू. तुला तर हातातलं काही टाकवतच नाही."

एकदा हातात दोन राजे आले, एक चौकटचा, एक बदामाचा, आणि बाकीची तिन्ही पानं बदामाची. आता बघा हं. राजांची जोडी धरावी, तर हातात काहीतरी आहे. चौकटचा राजा फेकावा, तर चार बदाम उरतात. पाचवा आला तर पाचही पानं बदामाची, म्हणजे हात मोठा, नाही आला तर हात धुऊन बसा. काकांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, मी आपला राजांकडे बघतोय. शेवटी जोडी धरली आणि हरलो. पण मनाला लागून राहिलं. तो पाचवा बदाम किती वेळा येत असेल?

मग मी दुकानात प्रयोगच लावला. तीच पाच पानं बाजूला काढायची, बाकीची गड्डी पिसायची, वरचं पान उघडायचं. बदाम आला तर एका वाटीत मसुराचा दाणा, नाही आला तर दुसऱ्या वाटीत चणा. अशा किती दुपारी गेल्या, सांगता येत नाही. अख्खा हिवाळा गेला. चण्यांची वाटी भरत आली तेव्हा दोन्ही काट्यावर ठेवल्या. मसूर एक भाग, चणे वीस भाग. संपला विषय! पाचवा बदाम विसात एकदा येतो. काकांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. फौजेत मान हलवणं म्हणजे हो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

ह्याच सुमाराला रेणूनं, माझ्या मुलीनं, जेवताना विषय काढला. ती शाळेत गणित शिकवते. शाळेनं तिला नोकरीत पक्कं करायचं ठरवलं होतं, महिनाअखेर सही करायची होती. आणि हिच्या मनात नोकरी सोडून वर्षभर इंदूरला राहायचं, सरकारी अफसरीच्या परीक्षेची तयारी करायची. वयात बसणारी ही शेवटचीच खेप.

"बाबा, मी सोडू म्हणते. तुम्हाला काय वाटतं?"

मला कोणी काय वाटतं म्हणून विचारलं की माझा मेंदू नवरदेवासारखा घोड्यावर चढतो. मी दोन राजे, चार बदाम, विसात एकदा, सगळं समजावलं. "जोडी मोडू नये, बेटा." ती उठली. ताट उचलून गेली. चार दिवस घरात भांडीच बोलत होती.

रविवारी मला वाटलं, पोरीला पुरावा दाखवावा. मसूर आणि चणे दोन पुड्यांत बांधून आणले आणि तिच्यापुढे ठेवले. कुठला दाणा कशाचा, तेही सांगितलं.

"बाबा, हे मोजलं कोणी?"

"मोजायचं कशाला? तोललं."

"तोललं? अरे देवा! चणा आणि मसूर? बाबा, एक चणा कितना भारी होता है! पाच मसुरांएवढा!"

आता तुम्ही हसाल. पण चाळीस वर्षांत आमच्या बाजारात कोणी दाणे मोजलेत का? मोजणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. रेणूनं पेनसुद्धा उचललं नाही. म्हणाली, "उरली सत्तेचाळीस पानं, त्यात बदाम नऊ. पाचात एकदा. थोडं कमीच, पण पाचात." माझा हिवाळा तिनं एका श्वासात संपवला.

मी पुड्या परत बांधायला घेतल्या. न आलेल्या पानासाठी मी चणाच का घेतला? मसूर का नाही? आयुष्यभर असंच झालं असेल का, जे बिघडलं ते जाड दाण्यानं टाकत गेलो आणि जे जमलं ते बारीक, आणि मग काट्याकडे बघून म्हणालो, जमत नाही बुवा? मला भोपाळला दुकान टाकायचं होतं एकदा. तेही तोललं होतं मी. अर्थात पाचात एकदा म्हणजे चारदा नाहीच, हेही खरं. पण विसाची भीती पाचावर लादून पोरीला बसवायचं, हे काही बरं नाही.

म्हणून मी घसा साफ केला. मोठ्या मनानं सांगितलं, की हिशेब चुकला, बापाची चूक झाली, तर आता माझी परवानगी आहे, तू खुशाल इंदूरला जा, मी मागे उभा आहे. बरंच बोललो. डोळेही थोडे भरले, माझेच.

रेणू खाली बघून हसू दाबत होती. आतून कणीक मळता मळता बायको म्हणाली, "अहो, तिनं परवाच राजीनामा दिलाय. त्या दिवशी ती तुम्हाला विचारत नव्हती, सांगत होती."