मुलुंडच्या गाडीचे दोन दिवे

तो गुन्हा काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात एक ओळसुद्धा आली नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडला सब-इन्स्पेक्टर होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता, पायांचे तुकडे पडले होते आणि ठाण्यात जो तो दुसऱ्यावर खेकसत होता. अशात एका सकाळी साठी उलटलेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "माझ्या गाडीचे दिवे चोरीला गेले."

मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडे बोट दाखवलं. दिवे, आरसे, टेप, चाकं, असल्या तक्रारी रोजच्याच. पण गृहस्थ जागचे हलेनात. "साहेब, ती साधी गाडी नाही हो. महायुद्धाच्या आधीची आहे. तसे दिवे अख्ख्या मुंबईत मिळायचे नाहीत," म्हणाले आणि एकदम रडायलाच लागले. वडीलधाऱ्या माणसाला रडताना बघणं मला कधीच जमलं नाही. टोपी उचलली, हवालदाराला हाक मारली आणि निघालो.

घर म्हणजे मुलुंडचा जुना बैठा बंगला, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये ती गाडी. काळीभोर, लांब नाकाची, घासूनपुसून अशी ठेवलेली की हात लावायला संकोच वाटावा. पुढच्या दोन्ही मडगार्डवर दिव्यांची जागा तेवढी रिकामी. गाडीजवळ फिर्यादींचे मित्र उभे होते. वय तेवढंच, चष्मा, खिशात पेन्सिल, विक्रोळीच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. "बस रे, आधी पाणी पी. मिळतील दिवे, कुठे जातात," असं फिर्यादींना समजावत होते.

गाडी दोघांनी मिळून उभी केली होती. कल्याणच्या एका गोदामात सांगाडा मिळाला, तिथून सुरुवात. पुढे वर्षानुवर्षं रविवार म्हणजे गाडी. सुटे भाग शोधायला दोघं कुठे कुठे हिंडले, त्याच्या कहाण्या ऐकून माझंच डोकं दुखायला लागलं. एक दिवा कुर्ल्याच्या भंगारबाजारात सापडला. त्याचा जोडीदार मिळेना. शेवटी सौराष्ट्रातल्या कुठल्याशा गावातून तो मित्राने आणला, रात्रभर मांडीवर धरून.

आता बंगला पाडून तिथे बिल्डिंग व्हायची होती. गाडीला जागा उरणार नव्हती. बंगलोरचा एक शौकीन गाडी घ्यायला तयार होता, पुढच्या आठवड्यात बघायला येणार होता. अट एकच, गाडी पूर्ण हवी.

"त्याच्याकडे मोठी शेड आहे साहेब, माणसं आहेत. तिथे माझी गाडी जगेल तरी," फिर्यादी म्हणाले. "इथे राहिली तर भंगारात जाईल. दिवे मिळाले नाहीत तर वाट लागली बघा."

पंचनामा करताना मी वाकून मडगार्ड बघितलं आणि चक्रावलो. चोरी करणारा वायर कापतो. बोल्ट निघाला नाही तर पत्रा फाडतो. इथे वायरची टोकं चिकटपट्टीने नीट गुंडाळलेली होती. आणि दिवे काढल्यावर बोल्ट परत ज्याच्या त्याच्या भोकात घालून, खालून नट बोटाने फिरवून ठेवलेले.

आमचे हवालदार मालवणचे. त्यांनी हळूच मला म्हटलं, "साहेब, ह्यो भुरटो नाय हां."

तरीही रिवाज तो रिवाज. रेकॉर्डवरचे दोन-तीन जण उचलून आणले. त्यात कुर्ल्याचा एक सुट्या भागांचा दुकानदार होता, पूर्वी एकदा चोरीचा माल घेताना सापडलेला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, काय यार तुम्ही पण! मी आणले असते तर बोल्ट सोडले असते का? ते पण विकले असते ना!" त्याचं म्हणणं बिनतोड होतं. त्याला चहा पाजून सोडून दिलं. वरिष्ठांनी विचारलं, "काय, म्हाताऱ्याचे खेळणे सापडले का?"

खबर दोन दिवसांनी आली, आमच्या जुन्या खबऱ्याकडून. असला माल बाजारात कुणी विकायला आणलाच नव्हता. मात्र साकीनाक्याच्या एका सुताराकडून एक म्हातारबाबा दोन लाकडी पेट्या करून घेऊन गेले होते. परातीएवढ्या गोल वस्तू बसतील अशा, आतून जाड फेल्ट लावलेल्या. चष्मा, खिशात पेन्सिल, आणि मापाच्या बाबतीत सुताराचा जीव खाल्लेला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटलं, कशाला ही खबर आली.

मी परत शेडवर गेलो. दोघं मित्र तिथेच होते. मी मित्राला म्हटलं, "दिवे कसे निघतात ते मला कळत नाही. तो हॉर्न तसाच बसवलाय ना? जरा काढून दाखवता?"

"त्यात काय एवढं," म्हणत त्यांनी पाना घेतला. हॉर्न सोडवला, फिर्यादींच्या हातात दिला. वायरचं टोक चिकटपट्टीत गुंडाळलं. मग पहिला बोल्ट उचलून त्याच्या भोकात घातला, नट बोटाने फिरवला. दुसरा बोल्ट घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

फिर्यादी कौतुकाने म्हणाले, "हा असाच आहे. बोल्ट कधी हरवू देत नाही. मला सवय लागली नाही, मी आपला डब्यात टाकतो."

जबाब घ्यायचाय म्हणून मित्राला ठाण्यात आणल्यावर मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. "का केलंत?" एवढंच विचारलं.

त्यांनी कप बाजूला सारला. मग भडाभडा बोलले. "तो विकतोय साहेब! मला विचारलंसुद्धा नाही. बंगलोरवाल्याला पत्र टाकून झाल्यावर मला सांगितलं. गाडी त्याच्या नावावर आहे, कबूल. पण ते इंजिन कुणी बसवलं? बायको गेली तेव्हा मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या शेडमध्ये जाऊन बसलो होतो, घरी बसवेना म्हणून. आता रविवारी मी कुठे जाऊ? सांगा ना, कुठे जाऊ?"

"मग दिवे परत लावणार होतात?"

"बंगलोरवाला परत गेला की लावणार होतो. देवाशप्पथ."

दिवे त्यांच्या पोटमाळ्यावर मिळाले. दोन पेट्या, आत फेल्ट, त्यावर मऊ फडकं. पंचांसमक्ष ताब्यात घेतले. अटक मी अजून दाखवली नव्हती. फिर्यादींनी मुद्देमाल ओळखला की ती दाखवावीच लागणार होती. पासष्टीच्या माणसाला कोर्टात उभं करायचं, या विचाराने मला दुपारचं जेवण गेलं नाही.

फिर्यादींना बोलावलं. मित्र बाहेर बाकावर बसले होते, दोघांची नजरानजर झाली. मी टेबलावर पेट्या उघडल्या आणि दिवे कुठे मिळाले ते सांगितलं. फिर्यादी टेबलाशी आले. मग एक दिवा उचलून त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, मागची बाजू बघितली. ते दिवे त्यांनी अंधारातही ओळखले असते.

"हे तुमचेच ना?" मी विचारलं.

त्यांनी दिवा परत पेटीत ठेवला. "नाही."

"नीट बघा."

"बघितलं साहेब. हे माझे नाहीत. लिहून घ्या."

"अहो, बंगलोरवाला येतोय परवा!"

"येऊ दे. माझे नाहीत म्हणून सांगतोय ना?" ते ओरडले. मी जबाब लिहिला. त्यांनी सही केली.

बाहेर मित्र उभे राहिले. "अरे, ऐक ना," एवढंच म्हणाले.

"तुला जेलमध्ये घालणं मला जमणार नाही," फिर्यादी म्हणाले. "पण रविवारी यायचं नाही. कधीच यायचं नाही."

ते एकटेच फाटकातून निघून गेले. मित्र परत बाकावर बसले. त्यांना उठवायची माझी हिंमत होईना, हवालदारांनी त्यांना घरापर्यंत सोडलं.

माल ओळखला गेला नाही म्हणजे आरोपी नाही. गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, अशी 'अ' समरी मंजूर झाली. वरिष्ठांनी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. दिवे कायद्याप्रमाणे ज्याच्या ताब्यातून घेतले त्यालाच परत द्यावे लागले. मित्र ते न्यायला आले तेव्हा पावतीवर सही करताना त्यांनी वर बघितलं नाही. बंगलोरवाला रिकामी मडगार्डं बघून आल्या पावली परत गेला होता.

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, हे रोज बघितलं. दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटंही बघितलं. पण वाचवणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, हे मला त्या टेबलाशी कळलं. कायद्याचं काम तिथे संपलं होतं, त्यापुढे माझ्यासारख्याच्या हातात काही नसतं.

काही वर्षांनी मुलुंडच्या भाजीबाजारात ते मित्र भेटले. खूप थकले होते. मी गाडीचं विचारलं.

"आहे ना. बिल्डिंगच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. सोसायटीवाले हलवा म्हणून मागे लागलेत." त्यांनी हातातली पिशवी बदलली. "दर दिवाळीला दिवे पुसतो आणि त्याच्या दारात जातो साहेब. लाव रे बाबा, तुझेच आहेत म्हणतो. घेत नाही. म्हणतो, माझे नाहीत, पोलिसांत लिहून दिलंय."