आईच्या नावाला नाही कोण म्हणणार?

साहेबांचं नाव काढलं तरी अजून माझी तळपायाची आग मस्तकात जाते. "जाऊ दे गं," घरचे म्हणतात. का जाऊ दे?

आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी कचरा पडायचा. आम्ही काही हौशी लोकांनी तो उपसला, विंचूरहून माझ्या भावाच्या मळ्यातून शेणखत आणलं आणि गुलाब लावले. आमच्या या गटाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं. सकाळी चहाआधी मातीत हात घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मग महापालिकेतून निरोप आला, जागा बागेसाठी हवी तर नोंदणी केलेली संस्था दाखवा.

वकिलांनी सोपं करून सांगितलं. सोसायटी केलीत तर सगळे सभासद, दरवर्षी सभा, मतं देऊन कमिटी निवडायची. ट्रस्ट केलात तर विश्वस्त म्हणतील ती पूर्व, आणि दस्तात तसं लिहिलं तर विश्वस्त तहहयात. मी लगेच म्हटलं, सोसायटी. जो खुरपं धरतो त्याला मत हवं, एवढी साधी गोष्ट होती.

साहेब म्हणजे प्लॉटसमोरच्या बंगल्यातले रिटायर्ड इंजिनिअर. बागेत यायचे ते फोटो काढायला. सभेत ते उभे राहिले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आमची आई गेली. तिच्या नावाने ट्रस्ट करू या. खर्च सगळा माझा."

झालं! सगळ्यांच्या माना खाली. अहो, त्या बाईंना मी चांगली ओळखत होते. काटे टोचतात म्हणून त्यांनी दारात गुलाबाचं रोप लावू दिलं नव्हतं. तरी मी नीटच बोलले, "साहेब, नाव आईंचं द्या, पण संस्था सोसायटीच करा."

"ताई, कशाला वाईटपणा घेता? बिनविरोध होऊ द्या ना," हे कोण म्हणालं? माझ्याच शेजारी बसून रोज तण काढणारी माझी मैत्रीण!

मग मात्र माझा तोल गेला. "माझीही आई गेली आहे. तिच्या नावावर मी कुणाची जागा नाही बळकावली!" सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू पाप मीच केलं होतं.

ट्रस्ट झाला. विश्वस्त कोण? साहेब, बाईसाहेब, मुलगा, सून आणि मेहुणा. सून तर पुण्यात राहते. आमच्यातला एकही नाही. लोखंडी गेट बसलं, गेटला कुलूप लागलं.

उद्घाटनाला मला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मी माईकसमोरच म्हटलं, "शाल नको साहेब, किल्ली द्या. ऑक्टोबरची छाटणी राहिलीय."

साहेब हसले. "ताई, त्यासाठी ठराव लागेल. अर्ज द्या, विश्वस्तांपुढे ठेवतो."

शाल खुर्चीवर टाकून मी खाली उतरले. नारळ मात्र सोडला नाही, घरी आणून त्याची चटणी केली. तिखटजाळ!

ठराव अजून झालेला नाही. छाटणीचे दिवसही गेले. सकाळी चहा होतो, कप उचलायला जाते तर हात स्वच्छ असतात. त्या स्वच्छ हातांची मला चीड येते.