टपावरची पिवळी कयाक

माझा दादा कुलूपवाला. कोपऱ्यावरच्या टीचभर दुकानात तीस वर्षं तो किल्ल्या घासत बसलाय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं एकच प्रवचन, चोर कधी कुलपाशी झगडत बसत नाही, तो कुलपाशेजारची कच्ची जागा शोधतो. भारी कुलूप घ्याल आणि कोयंडा दोन फडतूस स्क्रूंवर ठेवाल, तर उपयोग काय? मला हे इतकं पाठ झालंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

दादाची आणि वहिनीची एक कयाक होती. दोन माणसांची, अरुंद, लांब, पिवळी होडी. दर रविवारी दोघं ती गाडीच्या टपावर घालून तलावावर जायची. पुढे वहिनी, मागे दादा. आमच्या दादाला जमिनीवरही डावं-उजवं पटकन कळत नाही, त्यामुळे पाण्यात सगळा हुकूम वहिनीचा.

मग वहिनीचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची, औषधांचा डबा आणि हाताशी फोन, एवढंच तिचं जग उरलं. पण कयाक काही टपावरून उतरली नाही. तलावावरचा होडीवाला शेडमध्ये ठेवून घ्यायला तयार होता, मीही सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी! दादा म्हणायचा, तिला खिडकीतून दिसली पाहिजे. ती टपावर आहे म्हणजे आपण जाणार आहोत, असं तिला वाटलं पाहिजे.

आता रस्त्यावर उभ्या गाडीवर एवढी होडी म्हणजे चोराला आमंत्रणच. दादाने सगळी विद्या पणाला लावली. नुसते पट्टे ब्लेडने कापता येतात, म्हणून तारेचा जाड दोर आणला. तो कयाकच्या मुठीतून नाही घातला, कारण मूठ स्क्रू काढून सोडवता येते. पाणी निथळायच्या भोकांतून ओवला, ज्यावर ती बांधायची त्या टपावरच्या कॅरिअरच्या दोन्ही दांड्यांना वेढे दिले आणि स्वतः बनवलेली तीन कुलपं लावली. एवढं करूनही दुकान सोडून दिवसातून वीसदा गाडीपाशी यायचा, होडी हलवून बघायचा, वर खिडकीकडे पाहून हात करायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. मी चिडायचे, आणि घरी जाऊन रडायचेही.

एका मंगळवारी दुपारी एक बाई घरची तिजोरी उघडत नाही म्हणून दादाला घेऊन गेली. पाचला परत येऊन बघतो तर टप रिकामा. कॅरिअरसकट! ज्या चार बोल्टांनी कॅरिअर गाडीला बसवलं होतं, ते साध्या पान्याने सुटणारे. चोरांनी कुलपांना बोटही लावलं नाही. कयाक, दांड्या, तार, तिन्ही कुलपं, सगळं एकत्र उचलून नेलं. तीस वर्षं जगाला कोयंडा शिकवणारा माझा भाऊ स्वतःच्या गाडीचे चार बोल्ट विसरला होता.

मला वाटलं, लोक हसतील म्हणून तो खचलाय. तसं नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की दुपारी औषधाने तिचा डोळा लागला असेल, तिला कळू द्यायचं नाही, ती धीर सोडेल. गाडी मागच्या गल्लीत लपवली, वहिनीला सांगितलं गॅरेजमध्ये आहे. आणि तशीच पिवळी, जुनी, दोन माणसांची कयाक शोधत तो वणवण फिरायला लागला. मला तर धड खोटंही बोलता येत नाही. वहिनीसमोर गेले की मी नुसतीच पडदे झटकायचे.

शुक्रवारी तिने मला जवळ बसवलं. "ती चोरी मी पाहिली," म्हणाली. "दोन माणसं होती. आरामात पाने लावत होती."

माझा पाराच चढला. फोन हाताशी होता, ओरडायला तोंड होतं, मग गप्प का बसलीस, असं मी तिला फाडकन विचारलं.

"जिना बंद होऊन सात महिने झाले. रोज सकाळी हे खाली बोट दाखवतात, म्हणतात, या रविवारी जाऊ. मी हो म्हणते. मला आता जमणार नाही गं. पण ती तिथे असताना हे बोलायचं कसं? चोरांनी ती उचलली तेव्हा मला हलकं वाटलं."

मी मान वळवली तर दादा दारात उभा. हातात कागदाचा चिटोरा, कुठल्याशा पिवळ्या कयाकच्या मालकाचा पत्ता लिहिलेला. तो आत आला आणि तिच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"मला वाटायचं, ती बघून तुला धीर येतो," तो म्हणाला.

"आणि मला वाटायचं, तुम्हाला येतो."

दादा रडला. एवढा मोठा माणूस, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आवाज न दाबता रडला. मग पहिल्यांदाच त्याने तिला विचारलं, किती थकलीस गं? तिनेही पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दम कसा लागतो, भीती कधी वाटते, सगळं. मध्येच म्हणाली, "दुपारी इथे बसत जा ना. खालून हात करू नका."

मी उठले, त्याच्या खिशातून दुकानाची किल्ली काढून घेतली आणि कोपऱ्यावर जाऊन अर्धवट उघडं शटर खाली ओढून कुलूप लावलं. एक गिऱ्हाईक उभं होतं, केव्हा उघडणार म्हणून विचारत होतं. मी सांगितलं, यापुढे दुपारचं दुकान बंद, सकाळी या.