एप्रिलपर्यंत थांबलेला डोळा

सगळं जग मागच्या वर्षाचा कर भरण्याच्या धावपळीत असताना नाडगौडा अण्णा पुढच्या वर्षाचा कर वाचवत बसलेले असायचे. जयनगरात त्यांच्या वरच्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं भाड्यानं राहिले. रविवारी सकाळी खाली उतरलं, की अंगणात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या त्यांच्या पत्नी अक्का आणि आत संगणकासमोर बनियनवर बसलेले अण्णा, हे ठरलेलं. कराच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पुढील वर्षाचे नियोजन’ असं एक पान होतं. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले अण्णा त्या पानातच राहायचे.

अक्कांनी मिक्सर मागितला, तरी कानडी मिसळून म्हणायचे, “स्वल्प थांब, पुढच्या वर्षात घालून बघतो.” मिक्सरवर सवलत नसते हे त्यांना ठाऊक होतं, पण घालून बघायचे. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळवाल्यांकडे ते करसवलतीची पावती मागत. नाही म्हटलं, की “मग देवाला आधी नोंदणी करायला सांगा.” अक्का मागच्या दारानं पन्नास रुपये देऊन मोकळ्या व्हायच्या.

मला या सगळ्याचा दबदबा वाटे. निपाणीला माझी आई विड्या वळते, वडील टेम्पो चालवतात. आमच्या घरात आयकर कुणालाच कधी लागला नव्हता. अण्णांनीच मला शिकवलं, की जुन्या पद्धतीत सवलती मिळतात, नव्या पद्धतीत दर कमी, पण दवाखान्याच्या खर्चाची सवलत नाही.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डावा डोळा आधीच अधू. महिनाभरात शस्त्रक्रिया करा, पुढे डोळ्याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णांनी घरी येऊन सॉफ्टवेअर उघडलं. या वर्षीची दवाखान्याची सवलत अक्कांच्या गुडघ्यात संपली होती.

“डोळा एप्रिलमध्ये,” त्यांनी जाहीर केलं.

मग ते भिंत चाचपत चालू लागले. एकदा दारात ठेवलेल्या गॅसच्या सिलिंडरला “या, बसा” म्हणाले. अक्कांनी मला जिन्यात गाठलं. “तू शिकतेस गं, तूच समजाव. माझं ऐकायला मी काय सॉफ्टवेअर आहे?”

मी दोन रविवार नुसतीच घुटमळले. तिसऱ्या रविवारी अण्णांनीच हाक मारली. आकडे दिसेनासे झाले होते. माऊसला कुणाला हात लावू न देणारे अण्णा खुर्ची सोडून म्हणाले, “वाच.”

पुढच्या वर्षीचा कर शून्य होता.

“बघ. डोळा थांबवला म्हणून.”

पण वर खूण नव्या पद्धतीवर होती. अंधुक नजरेनं त्यांनी ती कधी केली, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“अण्णा, ही नवी पद्धत आहे. यात डोळा धरत नाहीत.”

“मग शून्य कसं? डोळ्याचा खर्च काढून बघ.”

काढला. शून्यच.

“अक्काचा गुडघा?”

त्या रकान्यात अक्कांच्या पुढच्या वर्षीच्या औषधांचा खर्च होता. तोही काढला. शून्य.

“मिक्सर?”

“शून्यच, अण्णा.”

ते पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या पेन्शनीवर आता कर बसतच नाही होय?” कर वाचल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. अक्कांचा मिक्सरही आला, पावतीशिवाय.

मी खोली सोडायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला संगणकासमोर बसवलं. दुसऱ्या दिवशी बेळ्ळंदूरला माझी मुलाखत होती. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावानं नवं खातं उघडलं होतं.

“पगार किती घालू?”

“नोकरीच नाही अजून, अण्णा.”

“पान पुढच्या वर्षाचं आहे.”

त्यांनी मनानंच एक आकडा घातला. खाली शून्य आलं. आकडा वाढवला, तरी शून्य. नव्या डोळ्यानं पडद्याकडे बघत ते वाढवत राहिले, शून्य जाऊन खाली खरोखरीचा कर दिसेपर्यंत.

“सरी, ठीक आहे. एवढा तरी तुला बसला पाहिजे.”

मी भीत भीत विचारलं, की मग तो वाचवायचा कसा.

“आधी बसू दे,” अण्णा म्हणाले. “वाचवायला मी आहे.”