खिळे न मारलेल्या कडा

धाकटा भाऊ फौजेत, बर्फातल्या ठाण्यावर होता. बर्फावरून घसरत जायच्या लाकडी स्कीच्या कडांतून पाणी शिरतं आणि फळी फुगते, असं त्यानं सुट्टीवर आल्यावर सांगितलं. मी त्याला रहिमतपुरातच जोडी करून द्यायची ठरवली. सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून दोन फळ्या केल्या. कडांना लावायला जाड प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या कापल्या.

प्लॅस्टिकला गोंद सहजी धरत नाही. म्हणून पट्ट्यांची आतली बाजू खरखरीत घासली, पंपाच्या स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवरून झरझर फिरवली. पाणी शिंपडल्यावर थेंब न राहता ते सपाट पसरलं, म्हणजे काम जमलं. त्यानंतर त्या बाजूला मी बोटसुद्धा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईनं विळा, कुदळ, करवत मांडून पूजा केली आणि पट्ट्यांच्या घासलेल्या बाजूवरही तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं उमटवली. एकेका पट्टीवर पाच, एकूण वीस. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी फडक्यानं पुसून तशाच चिकटवल्या. चूक माझी. जोड दाबून धरणारे शिकंजे काढले तर तेल लागलेल्या विसाही ठिकाणी नख आत जात होतं.

शेजारचे सुतार हसले. "गड्या, प्लॅस्टिक लाकडाला धरत न्हाई. खिळं मार आन् मोकळा हो. साताऱ्यात कुटं बरफ पडतंय?"

खिळ्याच्या भोकातून पाणी शिरणार, मग एवढा खटाटोप कशाला? भावाच्या सुट्टीचे तीन दिवस उरले होते. मी म्हणालो, "एकबी खिळा लागणार न्हाई."

आईला तेलाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तवाच का सांगितलं न्हाईस? मी काय मुद्दाम केलं व्हय?"

पट्ट्या उचकटल्या, जुना गोंद खरवडला, पुन्हा घासल्या, पुन्हा ज्योत, पुन्हा पाणी. त्या वाळताच गोंद लावला आणि शिकंजे आवळून पुरते चोवीस तास ठेवले. शिल्लक तुकड्यांचा वीतभर नमुनाही त्याच रीतीनं चिकटवला.

नमुना सुतारांच्या हातात दिला, जोड उचकटायला पटाशीही दिली. त्यांनी जोर लावला. लाकूड फाटलं, प्लॅस्टिकला लाकडाची ढलपी चिकटून आली, जोड मात्र सुटला नाही. त्यांनी पटाशी पुसून परत दिली.

भाऊ निघताना आईनं फळ्यांना वरून कुंकू लावलं. ते मी पुसलं नाही.