उष्टा श्वास

श्वासही उष्टा होतो, असं मनापासून मानणारं माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच जन्माला आलं आणि ते नेमकं माझी सख्खी आत्या निघालं. ताटातलं उष्टं, पेल्यातलं उष्टं आपण सगळेच पाळतो किंवा पाळल्यासारखं दाखवतो. पण आत्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या नाकातून, घशातून, दातांच्या फटींतून फिरून आलेली हवा आपण निमूटपणे आत ओढतो, त्यापेक्षा त्याच्या ताटातला भात खाल्लेला काय वाईट? "भात निदान दिसतो तरी," ती म्हणायची. हा साक्षात्कार तिला अंबरनाथला रॉकेलच्या रांगेत झाला. ती डबा घेऊन उभी असताना मागच्या गृहस्थांनी थेट तिच्या मानेवर शिंक दिली आणि वर नाक पुसायला तिच्याकडेच रुमाल मागितला. आत्या रॉकेल न घेता घरी आली, नेसत्या साडीनिशी डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं, आणि दुपारी आतोबांचा जुना धुवट पंचा कापून, चौपदरी घडी घालून, चार नाड्या लावून तिने एक पट्टी शिवली. आतोबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. ती पट्टी एकदा जी तिच्या नाकावर चढली, ती ऐंशीचं दशक उलटून गेलं तरी उतरली नाही.

मी तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी नुकताच तिच्याकडे राहायला आलो होतो. अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मला आधी वाटलं, घरात तरी ती पट्टी सोडेल. पण घरात मी होतो. मी म्हणजे माझा श्वास होता. जेवताना ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून बसायची आणि शेवटचा घास गिळायच्या आत तिचे हात मानेमागे गाठ मारायला गेलेले असायचे. अशा पट्ट्या तिच्याकडे डझनावारी होत्या. गॅलरीतल्या दोरीवर त्या ओळीने वाळत घातलेल्या दिसल्या, की खालची पोरं ओरडायची, "ऑपरेशनवाली आजी! आज कोणाचं पोट फाडलं?" आत्या वरूनच सांगायची, "तुझ्या बापाचं. अक्कल शोधत होते, नाही सापडली."

त्या पट्टीपायी आम्हाला जे धक्के बसले ते सांगावेत तेवढे थोडे. स्टेशनजवळ एका मारवाड्याने नवीन किराणा दुकान टाकलं होतं. आत्याची पांढरी साडी आणि तोंडावरची पट्टी बघून तो गल्ल्यावरून उठला, हात जोडून वाकला आणि "महासतीजी, पधारो" म्हणाला. जैन साध्वींनी आपलं दुकान पावन केलं, अशी त्याची समजूत. मी घाईघाईने खुलासा करायला तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या पायावर पाय दिला, त्याला शांतपणे आशीर्वाद दिला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "एवढ्या आदराने मला आजवर कोणी साखर दिली नव्हती. तुला काय घाई झाली होती रे?"

उल्हासनगरच्या कापडबाजारात तर तिची दहशतच होती. घासाघीस हा चेहऱ्याचा खेळ आहे, हे मला तिथे कळलं. आमचा एक ठरलेला सिंधी दुकानदार होता. गिऱ्हाईकाच्या ओठाची कड किती हलली, यावरून तो भाव ठरवणारा. आत्यापुढे तो तागे उलगडत जायचा, भाव सांगायचा, उतरवायचा, पुन्हा उतरवायचा, आणि आत्या पट्टीच्या वरून नुसती बघत राहायची. शेवटी एकदा त्याने कपाळावर हात मारला. "अमां, मुँह तो दिखाओ! पता तो चले, खुश हो के नाराज!" आत्या म्हणाली, "वो मालूम पडा तो तू भाव कशाला कम करेगा?" त्याने हात जोडले आणि परकराचं कापड जवळजवळ खरेदीच्या भावात दिलं.

माझं लग्न मात्र त्या पट्टीने एकदा मोडलं. उल्हासनगरलाच मुलगी बघायला गेलो होतो. वडीलधारं माणूस म्हणून आत्या बरोबर. मुलीच्या वडिलांनी अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून अखेर खालच्या आवाजात मला विचारलं, "आत्याबाईंना... म्हणजे छातीचं वगैरे काही?" मी नाही म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "मला काही नाही. तुम्हाला काय काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून बांधलीय." पोहे आलेच नाहीत. पुढे बदलापूरच्या घरी मात्र मुलीने चहाचा ट्रे आत्यापुढे धरला, पट्टीकडे पाहिलं, कप टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "आपण जरा गॅलरीत जाऊ या का? आजींना चहा घेऊ दे." परतताना आत्याने निर्णय देऊन टाकला, "हीच." तीच माझी बायको.

आत्याची सगळ्यांत जास्त टिंगल आमच्या समोरच्या काकू करत. एकाच जिन्याचे आम्ही दोन दरवाजे. हळदीकुंकवाला बायका जमल्या की काकू हातरुमाल तोंडाला बांधून, नाकात बोलून आत्याची हुबेहूब नक्कल करायच्या आणि त्यांची धाकटी मुलगी तर हसून हसून जमिनीवर लोळायची. आत्याला आमच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. ती एवढंच म्हणायची, "रुमाल एकपदरी बांधतेय ती. त्याचा उपयोग नाही." पुढे त्या मुलीचं लग्न झालं आणि ती सुरतेला गेली.

चौऱ्याण्णवचे गणपती नुकतेच बोळवून झाले होते आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. प्लेग! तो शब्द आम्ही फक्त आजोबांच्या पिढीच्या तोंडून ऐकलेला. दोन दिवसांत आमच्या गावांचा चेहरामोहराच बदलला. बदलला म्हणजे नाहीसाच झाला. रिक्षावाले, भाजीवाल्या, कंपनीतून सुटलेली माणसं, सगळ्यांच्या नाकावर काहीतरी चढलेलं. रुमाल, ओढण्या, गमछे. एका गृहस्थांनी मुलाचं लाळेरं उलटं करून बांधलेलं मी स्वतः पाहिलं. औषधाच्या दुकानांतल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्या. उल्हासनगरात जिथे पँटचे खिसे शिवायचे, तिथल्या मशीनवर त्याच खिशांच्या कापडाचे मास्क निघू लागले आणि दुकानांच्या दारांवर तोरणासारखे लटकले. आमच्या सिंधी दुकानदाराने आत्याला कौतुकाने एक फुकट दिला. आत्याने तो उजेडासमोर धरला. "याच्यातून चहा गाळला तर पत्ती कपात येईल," ती म्हणाली आणि परत केला.

लोकांचं ते मास्क घालणं बघून आत्या हबकूनच गेली. माणसं थुंकायला मास्क खाली करत, विडी ओढायला करत, एकमेकांच्या कानाशी लागून प्लेगबद्दल बोलायलाही करत. रेशनच्या दुकानात एकाने मास्क काढला, दणदणीत शिंकला आणि परत बांधला. आत्याने कारण विचारलं तर म्हणाला, "आजी, नवीन आहे, खराब होईल ना!" आत्याने घरी येऊन पुन्हा डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं. पण तिचे दिवस पालटले होते. खालची पोरं आता पट्टीचं माप मागायला येत. समोरच्या काकूसुद्धा दाराशी येऊन, नजर चुकवत म्हणाल्या, "सूनबाई बाळंत होऊन आठ दिवस नाही झालेत. बाळासाठी भीती वाटते हो. तुमच्या त्या पट्ट्या शिवून द्याल का?" आत्याने त्यांच्या घरातल्या सगळ्यांसाठी शिवून दिल्या. चौपदरी.

आणि मग त्या रविवारी दुपारी जिन्यात बॅग घासत वर येत असल्याचा आवाज झाला. काकूंची धाकटी मुलगी सुरतेहून आली होती. एकटीच. नवऱ्याने तिला गाडीत बसवून दिलं होतं आणि तो मागे राहिला होता. तिचे डोळे लाल झालेले, ओठ सुकलेले, उभं राहवत नव्हतं. ती आल्याची बातमी तिच्या आधी बिल्डिंगभर झाली असावी, कारण वरच्या आणि खालच्या जिन्यात माणसं गोळा झाली, प्रत्येक जण नाकावरचं फडकं घट्ट दाबून. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चार पायऱ्या खालून म्हणाले, "हे बघा, आधी दवाखान्यात दाखवा, मग वर या. बिल्डिंगचा प्रश्न आहे."

काकू आपल्या दाराच्या जाळीमागे उभ्या होत्या. हात कडीवर होता. आतून त्यांचा मुलगा ओरडला, "आई, उघडू नकोस! बाळ आहे घरात!" मी आमच्या दारात उभा राहून ते बघत होतो. आईचा हात कडीवर आणि कडी निघत नाही, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुलगी जिन्याच्या कठड्याला टेकून खाली बसली. म्हणाली, "नको उघडू आई. मी इथेच बसते. नुसतं पाणी दे." काकूंनी तांब्या आणला, जाळीतून तो जाईना, मग फुलपात्र आणलं. त्यांचा हात इतका थरथरत होता, की निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

मला बाजूला सारून आत्या बाहेर आली. तिने दोन्ही हात मानेमागे नेले. इतक्या वर्षांच्या सरावाची ती गाठ, पण त्या दिवशी सुटेना. तेव्हा तिने पट्टी डोक्यावरून ओढून काढली.

जिन्यात कोणी श्वास घेतला नसावा. आत्याचं तोंड बघून खालच्या मजल्यावरच्या एका पोराने आईला विचारलं, "ही कोण?" नाकापासून हनुवटीपर्यंतचा तिचा चेहरा इतका गोरा, की जणू दुसऱ्याच कोणाचा. ओठांच्या कडा वर वळलेल्या होत्या. नुसत्या डोळ्यांवरून आम्ही तिला कायम रागीट समजत आलो होतो. माझ्या आत्याचं तोंड मुळात हसरं होतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

"ये गं पोरी. आत ये," ती म्हणाली.

"आजी, जवळ नका येऊ. ताप आहे मला."

"तो मला दिसतोय. ऊठ."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो आजी, निदान तुम्ही तरी..."

"तुमच्या बिल्डिंगमध्ये नाही ठेवत मी तिला, माझ्या खोलीत ठेवतेय," आत्या म्हणाली आणि मुलीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. मुलीचं डोकं आत्याच्या खांद्यावर पडलं, गरम श्वास सरळ तिच्या गळ्यावर. आमची चिमुरडी छकुली आतल्या खोलीत बायकोजवळ खेळत होती. आत्याने जाता जाता मला सांगितलं, "तुझ्या बायकोला आणि छकुलीला आत्ताच्या आत्ता बदलापूरला नेऊन सोड. तुला परत यायचं असेल तर ये, नाही तर राहा तिकडेच. मी रागावणार नाही."

दोघींना सासुरवाडीला पोचवून मी संध्याकाळी परत आलो. मुलगी आत्याच्या खाटेवर पडली होती आणि आत्या तिला चमच्याने पेज पाजत होती. दोघींच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. मी आत्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जवळजवळ ओरडलोच, "अगं, आयुष्यभर बांधलीस ती आज सोडलीस? आजच?"

"अरे, तिला सुरतेपासून इथवर एकही तोंड दिसलं नाही," आत्या म्हणाली. "गाडीत नुसते डोळे, स्टेशनवर डोळे, आपल्या जिन्यात डोळे. आई दिसली, तर तिचेही डोळेच. मीच शिवून दिलेल्या पट्टीच्या वर."

"पण तुला भीती नाही वाटली?"

"वाटली तर. अजून वाटतेय. हात बघ माझा." तिने हात पुढे केला. तो काकूंच्या हातासारखाच थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, दोन मास्क लावून. त्यांनी दारातूनच जीभ बघितली, मग आत्याच्या नजरेला लाजून आत आले आणि रक्त तपासायला घेतलं. मलेरिया निघाला. मलेरियाचं नाव ऐकून एखाद्या बिल्डिंगला एवढा आनंद झालेला पुन्हा कधी व्हायचा नाही. सेक्रेटरींनी तर आत्याला नारळ आणून दिला. संध्याकाळी काकू आमच्या दारात आल्या. तोंडावर काही नव्हतं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हलत होते. आत्याने त्यांना फार वेळ तसं उभं ठेवलं नाही. "तिच्यापुरता मऊ भात टाकलाय. तुम्ही भरवा," म्हणाली. "आणि आता या खोलीत माणसं फार झाली. माझी पट्टी कुठे गेली बघते." आणि खरोखरच धुतलेली पट्टी बांधली, आणि जेवायच्या वेळी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

दिवाळीच्या आत सगळ्या गावाचे मास्क उतरले. कोणी त्यांनी सायकली पुसल्या, कोणी गरम तवे धरले. आमचा सिंधी दुकानदार म्हणाला, "अमां, सारा कपडा वापस पँट के खीसे में गया." लोकांनी आपापली भीती इतक्या लवकर धुऊन वाळत घातली, की चार महिन्यांनी पोरं पुन्हा ओरडू लागली, "ऑपरेशनवाली आजी!" काकू मात्र गॅलरीत येऊन त्यांना दम द्यायच्या.

आत्या त्यानंतर तीनेक वर्षांनी गेली, झोपेतच, कोणाला काही करायला न लावता. मग आम्हीही ती जागा सोडली. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. काकूंकडे मी अधूनमधून जातो. त्या सांगत होत्या, मुलगी दर मे महिन्यात माहेरी येते, पोरांना घेऊन. पोरं धावत वर येतात, बेल वाजवून दार धडधडवतात. ती मागून बॅग घेऊन येते, पण लगेच आत येत नाही. आमच्या जुन्या दाराकडे वळून क्षणभर उभी राहते. त्या जोडप्याला वाटतं, कोणी चुकून आलंय.

"मी जाळी उघडून उभी असते," काकू म्हणाल्या. "हाक मारत नाही. ती वळेपर्यंत थांबते."